किमती वस्तू पार्सलने पाठवताय? विम्याचं आधी बघा (वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं)

चवथ जवळ आली की पार्सलांबद्दलचे प्रश्न वाढतात. यावेळी त्यातले पाच घेतलेत. बहुतेकांची अडचण एकच दिसते, पावती हातात आली म्हणजे वस्तू सुरक्षित झाली असं आपण धरून चालतो, पण पावती म्हणजे विमा नव्हे, विमा वेगळा मागावा लागतो, त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि हे सगळं बुकिंगच्याच वेळी करावं लागतं.

प्रश्न (फोंडा): आईच्या पाटल्या पुण्याला मुलीकडे पाठवायच्यात, चार तोळे आहेत. ओळखीचा कुरियरवाला म्हणतो "इमिटेशन ज्वेलरी" लिहा नि द्या, काय होत नाही. की पोस्टाने विमा करून पाठवू?

ताई, आधी हे सांगतो की इमिटेशन अजिबात लिहू नका. बहुतेक कुरियर कंपन्यांच्या अटींत सोनं, रोख रक्कम वगैरे घेणार नाही असं स्पष्ट छापलेलं असतं, म्हणून तर तो तुम्हाला खोटं लिहायला सांगतोय, आणि उद्या पार्सल गहाळ झालं की तुमच्याच अक्षरात "इमिटेशन" लिहिलेला कागद तुमच्यापुढे ठेवला जाईल. तेव्हा तो ओळखीचा माणूस काहीही करू शकणार नाही, त्याची इच्छा असली तरी.

पोस्टात सोन्याला विमा मिळतो, किंबहुना सोनं आणि नोटा बिनविम्याच्या पाठवायच्याच नसतात. पण मर्यादा 1 लाख रुपयांची आहे, आणि गावातल्या शाखा डाकघरात त्याहून खूपच कमी, त्यामुळे जायचं तर मोठ्या पोस्टातच जा. आता हिशेब बघा, 2025 मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं, म्हणजे 1 लाखात एक तोळासुद्धा पूर्ण झाकला जात नाही. चार तोळ्यांसाठी हा मार्ग नाही. घरातलं कुणी पुण्याला जाणार असेल तेव्हा अंगावर किंवा हातातल्या पर्समध्ये न्यायला सांगा, बसच्या डिकीत नको. थोडं थांबावं लागलं तर थांबा, आईच्या वस्तू आहेत, परत घडवून मिळणाऱ्या नाहीत.

एखादी नथ किंवा चांदीचा करंडा असेल तर मात्र विम्याचं पोस्ट चांगलं. शिवणींवर लाखेचे सील मारायचे, सगळ्या सीलवर एकच खूण हवी आणि ती तुमची स्वतःची, नाणं दाबून केलेली चालत नाही. विम्याची रक्कम आकड्यात आणि अक्षरात वर लिहायची. खऱ्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा करायचा नाही, नियमातच बसत नाही. काउंटरवर वजन नोंदवतात ते नीट बघून घ्या, कारण वाटेत काही काढलं गेलं तर पहिला पुरावा वजनच असतो. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा, सील हललेलं किंवा पाकीट फाटलेलं दिसलं तर घरी सही करून घ्यायचं नाही, पोस्टात जाऊन तिथल्या माणसांसमोर उघडायचं.

प्रश्न (म्हापसा): हाताने रंगवलेल्या अझुलेजो टाइल्सचं पॅनेल नाशिकला पाठवलं, बिल 18,000 चं, कुरियरला 650 दिले. अर्ध्या टाइल्स फुटून पोचल्या. पावतीवर किंमत 18,000 लिहिलेली आहे तरी ते म्हणतात 500 च मिळतील. हे बरोबर आहे का?

भाऊ, अगदी अशीच तक्रार पुन्हा पुन्हा येते म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावतीवरची किंमत ही जीएसटीच्या आणि ई-वे बिलाच्या कागदांसाठीही लिहावी लागते, नुसती ती लिहिली म्हणून कुरियरने जोखीम घेतली असं होत नाही. पावतीवर कुठेतरी "ओनर्स रिस्क" आणि "कॅरिअर्स रिस्क" असे दोन चौकोन असतात, तुमच्या पावतीवर बघा, बहुतेक ओनर्स रिस्कवर टिक असणार, म्हणजे जोखीम पाठवणाऱ्याची. कॅरिअर्स रिस्क हवी तर किमतीवर ठराविक टक्के जादा चार्ज भरायचा असतो, त्याला ते एफओव्ही म्हणतात, आणि काउंटरवरचा मुलगा ते आपणहून सांगेलच असं नाही. आपणच विचारायचं, "एफओव्ही लावलंय का, पावतीवर दाखवा".

आता झालं त्याचं काय. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट 2007 मध्ये कुरियर एजन्सीसुद्धा येते, आणि जादा जोखमीचा दर भरला नसेल तर नुकसानीची हद्द भाड्याच्या दहा पट अशी 2011 च्या नियमांत ठरवलीय. तुम्ही 650 दिलेत, म्हणजे 6,500. पूर्ण 18,000 मागा, पण हा 6,500 चा आकडा आणि कायद्याचं नाव नोटिशीत आलंच पाहिजे, 500 वर गप्प बसू नका. नोटीस लेखी हवी आणि बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत, फोनवर कितीही वेळा बोललात तरी ती नोटीस धरली जात नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात, पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावर जबाबदारी 100 डॉलरपुरती लिहिलेली असेल तर ग्राहक मंचाला त्यापलीकडे जाता येत नाही, असं ठरवलं. म्हणून तुमची सही अटींखाली आहे की नाही ते आधी तपासा. सही नसेल, नुसतीच मागे बारीक अक्षरं छापलेली असतील, तर ग्राहकाच्या बाजूने निकाल लागलेले आहेत. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार टाका, पुष्कळदा तिथेच कंपनी बोलायला लागते.

आणि नाशिकवाल्यांना सांगा, फुटलेले तुकडे, खोकं, थर्माकोल काहीही टाकू नका. पुढच्या वेळी घेणाऱ्याने डिलिव्हरीच्या कागदावर "खोकं दबलेलं मिळालं" असं लिहून मगच सही करायची आणि उघडताना व्हिडिओ काढायचा. नुसती सही म्हणजे माल चांगला मिळाला अशी कबुली होते.

प्रश्न (मडगाव): भजनी मंडळाची जुनी हार्मोनियम मुंबईला दुरुस्तीला पाठवायचीय, कोकण रेल्वेच्या पार्सलने. विमा लागतो का?

रेल्वेत किंमत जाहीर केली नाही तर पार्सलची भरपाई वजनावर मोजतात, किलोला 50 रुपये. बारा किलोची पेटी धरली तर 600 रुपये झाले, त्यात एक सूरपट्टीसुद्धा नवी येणार नाही. म्हणून मडगावला बुकिंग करतानाच किंमत जाहीर करा आणि त्यावरचा टक्केवारीचा चार्ज भरा, पावतीवर ती किंमत चढली का बघा. जुन्या पेटीचं बिल नसतं, तेव्हा आधी एखाद्या पेटी बनवणाऱ्याकडून किमतीचा लेखी दाखला घ्या, फोटो काढा. भाता पट्ट्याने बांधा, सूरपट्ट्यांवर मऊ कापड घालून झाकण घट्ट करा, आणि लाकडी खोक्यातच घाला, नुसत्या गोणपाटात नको. पावसात प्लॅटफॉर्मवर भिजणार नाही असं प्लास्टिकही हवं. वाईट पॅकिंग हे क्लेम नाकारायचं सगळ्यात सोपं कारण आहे, मग ती रेल्वे असो, पोस्ट असो की विमा कंपनी. गहाळ झाली तर नोटीस सहा महिन्यांच्या आत द्यायची.

प्रश्न (डिचोली): मुलाची मूळ डिग्री सर्टिफिकेटं बंगळुरूला पाठवायचीत. किती रुपयांचा विमा करू?

सर्टिफिकेटाला बाजारात किंमत नसते, त्यामुळे विमा करूनही हाती फारसं येत नाही. इथे पैसे विम्यावर नको, पोचवण्यावर खर्च करा. 2025 मध्ये जुनं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय, पण स्पीड पोस्टवर रजिस्ट्रेशन आणि ओटीपी डिलिव्हरी अशा दोन्ही सोयी थोडे जादा पैसे भरून मिळतात, त्या मागून घ्या म्हणजे वॉचमनच्या हातात पाकीट जाणार नाही. मूळ कागद खरंच लागतायत का तेही एकदा विचारा, बऱ्याच ठिकाणी डिजिलॉकरवर काम होतं.

प्रश्न (वास्को): मी घरून काजू, कोकम आणि शिंपल्यांची शोभेची कामं ऑनलाइन विकते, महिन्याला बरीच पार्सलं जातात. प्रत्येकाचा वेगळा विमा परवडत नाही.

ताई, तुमच्यासाठी ओपन पॉलिसी असते, वर्षभरातल्या सगळ्या पाठवणीचा अंदाज देऊन एकदाच घ्यायची आणि प्रत्येक पाठवणी कळवत राहायचं. जनरल इन्शुरन्स कंपनीच्या एजंटाला "इनलँड ट्रान्झिट, क्लॉज ए" असं नेमकं सांगा, म्हणजे देशातल्या देशात माल नेतानाचा विमा, त्यातला जास्त संरक्षणाचा प्रकार. क्लॉज बी स्वस्त पडतो म्हणून तो गळ्यात मारतात, पण बीमध्ये आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं, रुळावरून घसरणं असे ठराविकच अपघात येतात, चोरी आणि वाटेतली फूटतूट नाही, आणि तुमच्या शिंपल्यांना नेमकी तीच भीती आहे. एमध्येसुद्धा खराब पॅकिंग, उशीर आणि मालाचा स्वतःचा दोष हे बाहेरच असतात. म्हणजे दमट हवेत सैल पाकिटातले काजू मऊ पडले तर कोणी पैसे देणार नाही, त्यामुळे काजू व्हॅक्यूम पॅकच करा.

शेवटी एक महत्त्वाचं, माल फुटला की कुरियरवाला तीनचारशे रुपये देऊन "फुल अँड फायनल" कागदावर सही मागतो. विमा कंपनीला विचारल्याशिवाय तिथे सही करू नका. तुम्हाला पैसे देऊन झाल्यावर कुरियरकडून वसुली करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो, तो तुम्ही सही करून आधीच सोडून दिलात तर ते तुमचाही क्लेम अडवू शकतात. कुरियरकडून घ्यायचं ते डॅमेज सर्टिफिकेट, आणि नुकसानीची लेखी मागणी त्यांच्याकडे टाकून तिची पोच, हे दोन्ही कागद क्लेमच्या फाइलला लावायचे.