ग्राउंड मारल्यावर ठाण्यात नेमकं काम काय असतं?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पोलीस शिपाई भरतीसाठी रोज पहाटे धावते. अकॅडमीत ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तयारी जोरात आहे, पण निवड झाल्यावर तालुक्याच्या ठाण्यात दिवसभर काय करायचं असतं हे तिथे कुणी सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंय. 'लहान गावात काम हलकं असतं' हे नातेवाइकांचं म्हणणं खरं का आणि तिने पीएसआय म्हणजे पोलीस उपनिरीक्षक पदासाठी थांबावं का, हे तुमचे दोन प्रश्न.

हलकं नसतं. मोठ्या शहरात आयुक्तालयाच्या शाखा कामं वाटून घेतात. लहान ठाण्यात जो अंमलदार सकाळी बाजारात वाहतूक बघतो, तोच दुपारी समन्स बजावायला जातो आणि रात्री गस्तीच्या गाडीत बसतो. त्यात पासपोर्टची पडताळणी, आरोपीला कोर्टात नेणं-आणणं आणि गणपती-निवडणुकीचा बंदोबस्त येतोच. बंदोबस्त लागला की सुट्ट्या आधी रद्द होतात.

ठाण्याचं सगळं काम फिरतं ठाणे अंमलदाराच्या टेबलाभोवती. तिथे सहसा हवालदार किंवा सहायक उपनिरीक्षक असतो आणि नवीन शिपाई मदतनीस म्हणून बसतो. शिकण्यासारखी खरी जागा हीच. फिर्यादी आला की पहिला निर्णय : गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) की अदखलपात्र? 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर कलम 173 खाली नोंदवायची, अदखलपात्र असेल तर 174 खाली. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी खबर शून्य क्रमांकाने घेऊन त्या ठाण्याकडे पाठवावीच लागते. 'तिकडे जा' म्हणता येत नाही. मजकूर फिर्यादीला वाचून दाखवायचा, सही घ्यायची, प्रत मोफत द्यायची, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत भरायचं आणि ठाणे दैनंदिनीत वेळेसह नोंद करायची.

घोटाळा होतो तो वेळांत. एफआयआरमध्ये घटनेची वेळ, खबर मिळाल्याची वेळ आणि दैनंदिनीतल्या नोंदीचा क्रमांक-वेळ असे वेगळे रकाने असतात. घटनास्थळाचं ठाण्यापासूनचं अंतर व दिशा आणि उशिराचं कारणही भरायचं असतं. घाईत 'उशीर नाही' लिहिलं आणि घटना आदल्या रात्रीची निघाली, तर बचावाच्या वकिलाला आयता धागा मिळतो. पंचनामा दहाला सुरू झाला म्हणायचं आणि दैनंदिनीत पथक साडेदहाला बाहेर पडलेलं, असंही होतं. दोन्ही कागद वेगवेगळ्या माणसांनी दिवसाच्या शेवटी आठवून लिहिले की हे हमखास घडतं. म्हणून चांगले अंमलदार खिशात लहान वही ठेवतात आणि वेळ तिथल्या तिथे टिपतात.

नव्या कायद्याने शिपायाच्या हातात आणखी एक काम दिलंय. कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण करायचं असतं. अधिकारी पंचांशी बोलत असतो, त्यामुळे मोबाइल बहुधा शिपायाकडेच येतो. चुका ठरलेल्या : कपाट उघडून झाल्यावर चित्रीकरण सुरू करणं, मध्येच मोबाइलची जागा भरणं, पंचांचा चेहराच न येणं. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मूळ फाइल न जपता व्हॉट्सॲपवर आलेली प्रत पुढे वापरणं. तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, त्यामुळे त्याचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलची जणू बोटांच्या ठशासारखी अंक-अक्षरांची ओळख, बदलतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हेच मूल्य लिहायचं असतं. चित्रीकरण करून जपण्याचं ई-साक्ष्य ॲप आलंय ते याच कटकटीसाठी.

मुद्देमालाचंही तसंच. रक्त लागलेले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले तर बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. पाकिटावर लाखेचं सील, लेबलवर गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, पंचांच्या आणि अधिकाऱ्याच्या सह्या. पाकीट मुद्देमाल कारकुनाकडून प्रयोगशाळेत कुणी, कधी नेलं याची साखळी एका दिवसानेही तुटता कामा नये. मुलांना हे काम कारकुनी वाटतं. माझ्या मते ठाण्यातलं सगळ्यात जोखमीचं काम हेच आहे.

112 या आपत्कालीन मदत क्रमांकाच्या गाडीवर नेमणूक झाली तर चित्र वेगळं. फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, तिथून घटना जिल्ह्यातल्या गाडीच्या स्क्रीनवर येते. पोहोचल्याची नोंद आणि केलेली कारवाई तिथेच भरावी लागते. पोहोचण्याआधी 'पोहोचलो' दाबणं ही जुनी खोड आहे, पण गाडीची जागा नकाशावर दिसत असल्याने ती लगेच उघडी पडते.

मुलगी आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लैंगिक अत्याचाराची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहायची असते, महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यायची असते, वैद्यकीय तपासणीला सोबत महिला अंमलदार लागते. लहान ठाण्यात महिला मोजक्याच असल्या की साप्ताहिक सुट्टीच्या रात्रीही फोन येतो. घरच्यांनी 'महिलांना टेबलाचं काम देतात' असं धरून चालू नये.

आता तयारी. ग्राउंड 50 गुणांचं आहे : मुलींना 800 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि 4 किलोच्या गोळाफेकीचे 15. लेखी परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटं. त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान-चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण. ग्राउंडमध्ये निम्मे गुण नसतील तर लेखीचा प्रश्नच येत नाही, म्हणून अकॅडम्या पायांवर भर देतात. पण ग्राउंड जेमतेम निघालेल्यांना लेखी वर काढते, तेव्हा व्याकरण आणि अंकगणिताला रोज दीड तास द्या. उंचीची अट मुलींसाठी 155 सेंटीमीटर आहे. घरच्या टेपवर भरवसा न ठेवता अनवाणी, भिंतीला टाच टेकवून मोजून घ्या. ताजी जाहिरात निघाली की प्रत्येक अट पुन्हा तपासा.

पीएसआयसाठी थांबू नका. एमपीएससीच्या त्या परीक्षेला पदवी लागते आणि तिचं शेवटचं वर्ष अजून बाकी आहे. मधल्या काळात शिपाई भरती निघाली तर द्यावी, पदवी झाल्यावर ती परीक्षाही द्यावी. खात्यात राहून वर जायचं तर शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, मग उपनिरीक्षक असा रस्ता आहे. मधलं पोलीस नाईक पद 2022 मध्ये रद्द झालं, पण ज्येष्ठतेने वर चढायला बरीच वर्षं लागतात.

आजपासून दोन गोष्टी सुरू करायला सांगा. पहिली, मराठी टायपिंग. ठाण्यात ज्याचा हात चालतो त्याच्याकडे कागद येतात आणि कागद येतात त्याला तपास कळतो. दुसरी, महिन्यातून एकदा तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी खटल्याच्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसावं. सुनावणी सहसा खुली असते. तपासी अंमलदाराची उलटतपासणी होत असताना त्याला कोणकोणत्या वेळा विचारल्या जातात, तेवढंच वहीत लिहून आणावं.