तारीख पडली, पण कशासाठी?

कोर्टाच्या कामकाजाबद्दल वाचक विचारतात, त्याची उत्तरं या सदरात दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेल्या आमच्या कोल्हापूरच्या शिरस्तेदार बाई देतात. वकिलाचा सल्ला वकिलाकडूनच घ्यावा.

प्रश्न : मॅडम, पन्हाळा तालुक्यात आमची थोडी बागायत आहे. सामाईक विहिरीतली आमची पाण्याची पाळी आणि विहिरीकडे जाणारी वाट चुलत दिरांनी अडवली, म्हणून 2019 मध्ये दावा घातला. कोर्टाने वादाचे मुद्दे काढून वर्ष होऊन गेलं. माझं शपथपत्र अजून द्यायचं आहे. मध्यंतरी सासऱ्यांच्या ट्रंकेत 1988 चा वाटणीचा कागद सापडला. विहीर सामाईक आणि आठवड्यात तीन दिवस पाळी आमची, असं त्यात लिहिलंय. धाकट्या चुलत दिराचे व्हॉट्सअॅपवरचे निरोपही आहेत. वकीलसाहेब म्हणतात, आता कागद घेणार नाहीत. तारखेला गेलं की नुसतं ‘पुराव्याला आहे’ सांगतात. तीनच तारखा मिळतात असं ऐकलं होतं. मग आमच्या एवढ्या कशा?

उत्तर : ताई, तीन तारखांचं ऐकलंत ते अर्धं बरोबर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये आहे की, दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत. म्हणजे दाव्याला तीन तारखा नव्हेत, एका पक्षाने मागितलेल्या तीन तहकुबी. समन्स बजावणीची, कैफियतीची म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, निशाणी 5 वरच्या म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाची तारीख यात धरायची नाही. जज्जसाहेब रजेवर असले किंवा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, एवढा मोठा असला की तुमचा पुकाराच झाला नाही, तर तीही कुणाच्या नावावर पडत नाही. शिवाय सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या 2005 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, पक्षाच्या हाताबाहेरचं तसंच मोठं कारण असेल तर चौथीही देता येईल. ही फट पुढे केवढी रुंद झाली, ते कोर्टाच्या व्हरांड्यात अर्धा दिवस बसलं की कळतं. त्याच आदेशात आणखी एक ओळ आहे, ती कुणी वाचून दाखवत नाही. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे तहकुबीचं कारण होत नाही. ‘साहेब वरच्या कोर्टात आहेत, जरा पास ओव्हर द्या, थोड्या वेळाने पुकारा’ हे वाक्य मात्र माझ्या टेबलासमोर रोज उभं असायचं.

म्हणून तारखा मोजू नका, रोजनामा वाचा. प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात लिहिलेलं असतं. नक्कल विभागात अर्ज करून त्याची नक्कल काढा. ई-कोर्ट्स अॅपवर दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला तरी बरंचसं दिसतं. नोंद साधारण अशी असते : ‘वादीचे वकील हजर. वादीतर्फे मुदतीचा अर्ज. प्रतिवादीचा से घेतला. खर्चावर मंजूर. वादीच्या पुराव्याकरिता.’ ‘से’ म्हणजे त्या अर्जावर समोरच्याचं म्हणणं. वहीत दोन रकाने पाडा. एकात त्यांनी घालवलेल्या तारखा, दुसऱ्यात आपण घालवलेल्या. तुम्हाला वाईट वाटेल, पण पत्रावरून दिसतंय ते सांगते. मुद्दे निघाल्यावरच्या बहुतेक तारखा तुमच्या रकान्यात जाणार. कारण ‘पुराव्याला आहे’ म्हणजे वादीच्या पुराव्याला आहे, आणि वादी तुम्ही. तुमचं सरतपासाचं, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष लिहिलेलं, शपथपत्र येत नाही तोवर दीर नुसते हात बांधून उभे राहिले तरी त्यांचं काही बिघडत नाही.

उलट धोका तुम्हालाच. एखाद्या दिवशी साहेब वादीचा पुरावा बंद केल्याचा हुकूम करतील. तो उठवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा से, पुन्हा खर्च. वरच्या कोर्टात जावं लागलं तर ते वेगळंच. पाण्याची पाळी चुकल्यावर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता कागदांचं. वकीलसाहेबांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. ज्या कागदांवर भिस्त ते दाव्यासोबत द्यायचे आणि अस्सल मुद्दे निघेपर्यंत हजर करायचे, हा नियम आहे. पण आदेश 7 नियम 14 मध्येच कोर्टाच्या परवानगीने नंतर कागद देण्याची सोय ठेवलेली आहे. परवानगी मिळते ती उशिराचं कारण पटलं तर. तेव्हा ‘नजरचुकीने राहिले’ हे ठेवणीतलं वाक्य घालू देऊ नका. ट्रंक कुणाच्या ताब्यात होती, ती कधी आणि कशासाठी उघडली, कागद कुणाच्या हाती लागला, हे त्या अर्जात शपथेवर यायला पाहिजे. सोबत यादी आणि अस्सल कागद. झेरॉक्स लावून ‘अस्सल नंतर देऊ’ म्हटलं की त्यात आणखी एक तारीख जाते.

आणि हा अर्ज शपथपत्राच्या आधी, निदान त्याच दिवशी द्या. उलटतपास झाल्यावर दिलात तर समोरचे वकील म्हणणारच, आमचे प्रश्न ऐकून कागद तयार केला. आज तुमचा उलटतपास व्हायचा आहे, म्हणजे दिरांना त्या कागदावर विचारायची पूर्ण संधी आहे. कोर्ट नेमकं तेच बघतं, दुसऱ्या बाजूचं यात नुकसान होतंय का.

1988 चा कागद तीस वर्षांपेक्षा जुना आहे आणि तो असायला हवा त्या घरातच निघाला, ही तुमची जमेची बाजू. अशा कागदावरच्या सह्या खऱ्या धरायला कायदा कोर्टाला मुभा देतो. मजकूर खरा हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागेल. आणि कागदातली वाक्यं वकिलांना नीट वाचायला लावा. ‘पूर्वी झालेल्या वाटणीची आठवण म्हणून लिहून ठेवतो’ असं असेल तर सहसा नोंदणीवाचून चालतं. ‘आज रोजी या लेखाने वाटणी करतो’ असं असेल तर नोंदणी आणि मुद्रांक दोन्ही आडवे येतात. मुद्रांक कमी असला तर कोर्ट कागद अटकावून ठेवतं आणि शुल्क-दंड भरेपर्यंत त्याला निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, पडत नाही. सही करणाऱ्यांपैकी किंवा साक्षीदारांपैकी कुणी हयात आहे का, ते आजच शोधा. साक्षीदारांची यादी मुद्दे निघाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायची असते. तुमची दिलीच नसेल, तर त्यालाही परवानगी मागून घ्या.

व्हॉट्सअॅपच्या नुसत्या प्रिंटा काढून जोडू नका. त्याबरोबर दाखला लागतो. तुमचा दावा जुना आहे, म्हणून वकील त्याला जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून 65-बी म्हणतील. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम 63 झालंय. फोन ज्याचा, त्याने हा दाखला द्यायचा. ज्या फोनवर निरोप आले तोच फोन मालकाने साक्षीला येऊन हजर केला, तर दाखल्यावाचूनही चालतं, असं अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या 2020 च्या निकालात आहे. म्हणून फोन विकू नका, नातवाच्या हातात देऊ नका आणि दिवाळीला नवा घेतला तरी हा कपाटात राहू दे.

मोजणीचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण वाटेचा वाद आहे म्हणजे कधी ना कधी निघणार. वाट नकाशावर कुठून जाते, विहीर कुठल्या गटात येते, यासाठी कोर्ट कमिशन, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून जागेची पाहणी-मोजणी, मागायचं असेल तर आत्ताच मागा. भूमी अभिलेखकडून मोजणी व्हायला महिने लागतात, आणि उसाचा फड उभा असला तर मोजणीदार तोड होईपर्यंत थांबायला सांगतो. ते काम एकीकडे चालू राहिलं की तोवर तुमचा उलटतपास उरकतो. सातबाराच्या इतर हक्कात विहिरीच्या हिश्शाची नोंद आहे का, ती कुठल्या फेरफाराने आली, हे तलाठ्याकडून काढून यादीत टाका. मोटारीच्या वीजबिलाच्या जुन्या पावत्याही. कुठल्या मोटारीला कधीपासून वीज आहे हे त्या सांगतात, आणि त्यावर उलटतपासात फारसं विचारता येत नाही.

शपथपत्र आणि कागद देऊन झाले, की वकिलांना सांगा, कोर्टाकडे पुढचं वेळापत्रक मागा. उलटतपास अमुक तारखेला पुरा, प्रतिवादीचं शपथपत्र अमुक तारखेपर्यंत, त्याची प्रत आधी आम्हाला. तुमचं वय साठीच्या पुढे असेल तर वयाचा दाखला लावून ज्येष्ठ नागरिक म्हणून काम आधी घेण्याची विनंतीही करा. आपली बाजू तयार असलेल्या पक्षकाराने असा अर्ज दिला की साहेबांनाही समोरच्याला खडसावणं सोपं जातं. आपलंच शपथपत्र बाकी ठेवून असला अर्ज द्यायचा नसतो.

प्रश्न : माझी शाहू मार्केट यार्डात गुळाची पेढी आहे. गुजरातच्या एका व्यापाऱ्याकडे पावणेपाच लाख अडकलेत. वकील म्हणतात हा व्यापारी दावा, वर्षात निकाल. खरं मानू का?

उत्तर : शेठ, पहिलं खरं. तीन लाख किंवा त्यावरचा मालविक्रीचा व्यवहार 2015 च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात बसतो. दुसरं कागदावर खरं. तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी मध्यस्थीला जावं लागतं, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. त्याला तीन महिने लागतात, दोघंही तयार असले तर आणखी दोन. तो काळ दावा घालायच्या मुदतीत धरत नाहीत. पण शेवटच्या बिलाला तीन वर्षं होत आली असतील तर हे वाचून झाल्यावर थेट वकिलांकडे जा.

या दाव्यात वेळापत्रक ही कोर्टाची मेहरबानी नाही, ते कायद्यातच आहे. समन्स लागल्यापासून 120 दिवसांत कैफियत आली नाही तर प्रतिवादीचा हक्क संपतो आणि कोर्टालाही ती दाखल करून घेता येत नाही. पन्हाळ्याच्या ताईंच्या दाव्यात 90 दिवसांनंतरही कारण दाखवून वाट निघते, इथे निघत नाही. कैफियतीनंतर एकमेकांचे कागद बघायचे आणि कुठला मान्य, कुठला अमान्य, ते शपथेवर सांगायचं. त्यानंतर चार आठवड्यांत व्यवस्थापन सुनावणी. त्या बैठकीत साहेब मुद्दे काढतात, शपथपत्रं कधी, उलटतपास कधी, लेखी युक्तिवाद कधी, सगळ्याच्या तारखा घालून देतात आणि तिथून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचे असतात. वकील आले नाहीत एवढ्यावर ही सुनावणी पुढे जात नाही. आधी अर्ज देऊन, खर्च भरून तहकुबी मिळाली तर मिळाली. ठरलेलं पाळलं नाही तर शपथपत्राचा किंवा उलटतपासाचा हक्क बंद होऊ शकतो.

यात व्यापारी बहुतेकदा अडकतो तो सुरुवातीलाच. ताब्यातले सगळे कागद दाव्याबरोबरच द्यायचे आणि याहून आमच्याकडे काही नाही असं शपथेवर लिहून द्यायचं. आमच्या यार्डातला व्यवहार अर्धा फोनवर आणि अर्धा विश्वासावर. बिल असतं, बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, गाडीवाल्याकडे राहिलेली, गुळाच्या रव्यांच्या तुटीबद्दलचा मेसेज दिवाणजींच्या फोनवर, आणि खातेउताऱ्याला समोरच्याची कबुली नाही. हे सगळं दावा घालायच्या आधी गोळा करा, दिवाणजींचा फोन धरून. मध्यस्थीचे महिने त्यासाठीच वापरा. नंतर सापडलेल्या बिल्टीला इथे फार सबळ कारण द्यावं लागेल.

प्रश्न : कोल्हापुरात हायकोर्ट आलं. आता आमचा कागलचा दावा लवकर लागेल का?

उत्तर : त्याने नाही. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. तुमचा पुरावा कागलच्याच कोर्टात होणार, त्याच बोर्डावर, त्याच पुकाऱ्यावर. फरक पडेल तो मधल्या एखाद्या हुकुमावर हायकोर्टात रिट अर्ज करायची वेळ आली तर, नाहीतर पुढे दुसऱ्या अपिलात. पूर्वी त्यासाठी वकिलांची फी, रात्रीची गाडी आणि मुंबईतला मुक्काम धरून हिशेब करावा लागायचा आणि निम्मे लोक तिथेच गप्प बसायचे. आता भाऊसिंगजी रोडपर्यंत एसटीने येता येतं. हे समोरच्यालाही येतं, तेवढं लक्षात ठेवून आपला रोजनामा स्वच्छ ठेवा.