जपानी-कोरियन किराणा दुकानातील खाण्याच्या काउंटरवर शाकाहारी व्यक्तीने काय मागवावे?
उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट उमे फळ, आत घातलेली ओनिगिरी (भाताचा वळलेला गोळा) किंवा अंडे, हॅम व फिशकेक वगळून आपल्यासमोर वळून घेतलेला किमबाप (समुद्री शैवालाच्या पापुद्र्यात भात व भाज्या घालून केलेली गुंडाळी) मागवावा. मिसो सूप आणि किमची (मसाला लावून आंबवलेल्या भाज्या) मात्र चौकशी केल्याशिवाय घेऊ नये. मिसो स्वतः सोयाबीन आंबवून केलेला असला, तरी सूपचा आधार असलेला दाशी हा अर्क बहुधा कात्सुओबुशीपासून, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून काढतात, आणि पारंपरिक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस पडतो. दुकानातल्याच पाकिटांवरील घटकयादी वाचली तरी हे लक्षात येते. "यात मांस आहे का?" असे विचारल्यास अगदी प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर मिळू शकते, म्हणून प्रश्न नेमका दाशीबद्दलच करावा. तो केवळ कोंबू या समुद्री शैवालाचा किंवा शिताके अळंबीचा असेल, तर सूप खुशाल घ्यावे. एक अपवाद ध्यानात ठेवावा: काही उमेबोशींमध्येही चवीसाठी कात्सुओबुशी मिसळलेली असते, तेव्हा ओनिगिरीच्या वेष्टनावरील यादीही पाहावी.