‘बांधिलकींचे अनुपालन’ की ‘ठरावाची अंमलबजावणी’?

विचारणा अशी आहे : ‘महिला, शांतता आणि सुरक्षा’ या विषयावरच्या एका अहवालाच्या मराठी अनुवादात ‘आंतरराष्ट्रीय बांधिलकींचे अनुपालन’ असा शब्दप्रयोग आला आहे. तो योग्य आहे का?

माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत. बांधिलकी ही वृत्ती आहे. ती कुणाशी तरी असते, आपण ती मानतो, जपतो. तिचं अनेकवचन कानाला खटकतं. इथे मात्र सरकारांनी लेखी मान्य केलेल्या ठराविक गोष्टी आहेत. महिलांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याच्या १९७९च्या करारातून येतात ती ‘दायित्वे’, कारण करार रीतसर मान्य केलेल्या देशावर तो बंधनकारक असतो; नुसती सही पुरत नाही. बाकीच्यांना साधं ‘वचने’ म्हणावं. ‘आश्वासने’ मी टाळेन. निवडणुकीच्या भाषणांनी तो शब्द फार सैल झाला आहे.

आता ‘अनुपालन’. पालन म्हणजे नियम मोडायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने संमत केलेला याच विषयावरचा १३२५ क्रमांकाचा ठराव उघडून पाहा. त्याचं नववं कलम सशस्त्र संघर्षातल्या सर्व पक्षांना सांगतं, की स्त्रिया आणि मुलींच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कायदा पूर्णपणे पाळा. इथे ‘पालन’ चपखल बसतं. पण पहिलं कलम सांगतं, की संघर्ष टाळण्याच्या आणि मिटवण्याच्या कामात निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर स्त्रियांचं प्रतिनिधित्व वाढवा. हे नुसतं पाळून कसं होणार? कुणीतरी त्यांची नेमणूक करावी लागते, त्यांना वाटाघाटींना बसवावं लागतं. कोलंबियाचं सरकार आणि फार्क बंडखोर यांच्या हवानातल्या वाटाघाटींत २०१४ साली लिंगभावविषयक उपसमिती नेमली गेली आणि शांतता कराराचा मसुदा तिच्या नजरेखालून जाऊ लागला. याला अंमलबजावणी म्हणतात. ‘अंमल’च्या मुळाशी असलेल्या अरबी ‘अमल’चा अर्थच कृती, आणि ‘बजावणे’ म्हणजे पार पाडणे. हा शब्द ‘कोण करणार?’ हे विचारायला लावतो. म्हणूनच तो इथे हवा.

‘ठराव’ऐवजी ‘प्रस्ताव’ लिहू नये. हिंदीत तसं चालतं. मराठीत प्रस्ताव मांडतात आणि संमत झाला की त्याचा ठराव होतो.

विषयाच्या नावातला स्वल्पविरामही जपावा. तो गाळून, शब्द मागेपुढे करून ‘महिला सुरक्षा आणि शांतता’ केलं, की स्त्रिया फक्त जपण्याच्या उरतात. ठरावात संरक्षण आहेच, पण शांतता घडवणाऱ्या म्हणूनही त्या आहेत. त्यासाठी झगडलेल्या संघटनांचं निम्मं काम आपण एका चिन्हापायी पुसून टाकू नये.

तेव्हा मथळ्यात ‘ठरावाची अंमलबजावणी’ लिहावं आणि परिणाम सांगताना ‘वचनपूर्ती’. मजकुरात ‘अंमलबजावणी करण्यात येईल’ मात्र शक्यतो नको, कारण त्या वाक्यात कर्ताच नाही. हा ठराव अंमलात आणण्यासाठी डेन्मार्कने २००५ साली पहिला राष्ट्रीय कृती आराखडा केला, त्यानंतर अनेक देशांनी केले. अशा आराखड्याचा उपयोगच जबाबदारी वाटून देण्यात असतो. मूळ मजकुरात ‘संरक्षण मंत्रालय करील’ असं असेल, तर मराठीतही मंत्रालयाचं नाव वाक्याच्या सुरुवातीलाच यावं.