हवा चांगली पण महाग शहर घ्यावं, की उकाड्याचं पण स्वस्त?

तुम्ही लिहिलंय की पगार दोन्हीकडे सारखाच आहे. एक शहर उंचावरचं, बारा महिने सुखद हवेचं, पण महाग. दुसरं उन्हाळ्यात भाजून काढणारं, पण स्वस्त. आणि विचारलंय की हवामानाला किती टक्के महत्त्व द्यावं. टक्के राहू द्या. हवा आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी धरूनच तुम्ही प्रश्न मांडलाय, आणि आमच्या दादाचंही नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

चांगल्या हवेचे पैसे घरमालक भाड्यातच लावून मोकळा झालेला असतो. अर्थशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. जेनिफर रोबॅक यांनी १९८२ साली ती नीट मांडली होती: राहायला सुखाचं असतं तिथे माणसं गर्दी करतात, मग भाडी चढतात आणि पगारही त्या मानाने मागे राहू शकतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगोतलं घर महाग का, याला दहा कारणं असतील, पण त्यातलं एक तिथली हवा आहेच. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की ज्या हवेचे पैसे भरणार ती तुमच्या अंगाला लागणार आहे का?

दादाच्या नाही लागत. आम्ही दोघांनी साधारण एकाच सुमारास शहरं बदलली. नावं मुद्दाम घेत नाही, नावं आली की लोक हिशेब सोडून अभिमानावर येतात. त्याने गार हवेचं घेतलं, मी कोरड्या उन्हाचं. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, चार पाहुणे जमले की याचं सुरू: "काय रे, अजून त्या भट्टीतच का?" मी बरीच वर्षं हसून सोडून दिलं. मग एकदा वर्षभराची वीजबिलं आणि भाड्याच्या पावत्या फाइलला लावूनच गेलो आणि त्याच्याही मागवल्या. वहिनींनी लगेच काढून दिल्या, त्यांनाही बहुतेक हेच हवं होतं. त्याच्या आणि माझ्या भाड्यात वर्षाचा जो फरक पडत होता, त्यात माझं सबंध वर्षाचं वीजबिल बसून वर शिल्लक उरत होती. साधं आहे, भाडं बारा महिने भरावं लागतं, माझा उन्हाळा चार महिन्यांत संपतो.

बरं, हवा तरी खातो का हा? ऑफिसजवळ भाडं परवडत नाही म्हणून घर पार शहराच्या टोकाला. पहाटे निघतो, अंधार पडल्यावर परततो, दिवसभर एसीत बसतो. त्या सुप्रसिद्ध हवेतली त्याच्या वाट्याला येते ती बसच्या खिडकीतून येणारी. हे मी सगळ्यांसमोर बोललो. त्यावर दादा म्हणाला, "हवा बिलात मोजता येत नाही." अरे, घरमालकाला येते ना मोजता! तुलाच तेवढी येत नाही?

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो. "उकाड्याचं शहर" म्हणजे नेमकं कसलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळा खेळ तिथेच आहे. कोरडी उष्णता असेल तर कूलर चालतो. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर हवा गार करतो, घरगुती कूलरला साधारण दोनशे वॅट लागतात. दमट शहरात हवेत आधीच बाष्प भरलेलं, तिथे कूलर नुसता ओल वाढवतो. मग एसीला पर्याय नाही, आणि दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास खातो. वार्षिक सरासरी तापमान बघून काहीही ठरवू नका. दिल्ली आणि मायामी दोन्हींची सरासरी पंचवीस अंशांच्या आसपास आहे; दिल्लीत उन्हाळ्याला पारा पंचेचाळीसला टेकतो आणि हिवाळ्यात रजई लागते, मायामीत यातलं काहीच नाही. पावसावरूनही दमटपणा कळत नाही. पेरू देशाची राजधानी लिमा वाळवंटातलं शहर, पाऊस जवळजवळ पडतच नाही, तरी तिथला हिवाळा दमट आणि कुंद असतो. सगळ्यात वाईट महिन्याचं रात्रीचं किमान तापमान आणि आर्द्रता, हे दोन आकडे काढा. रात्री गारवा येत असेल तर दिवस कसाही निघतो.

महागाईच्या जागतिक याद्याही फार मनावर घेऊ नका. मर्सर या सल्लागार कंपनीची यादी परदेशात नेमणुकीवर पाठवलेल्या नोकरदारांसाठी असते, न्यूयॉर्कचा खर्च शंभर धरून. तुमचा संसार त्यात कुठे आला?

आणि घर बघायला ऐन उन्हाळ्यात दुपारी चार वाजता जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. वरचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब, हे घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. एकाच इमारतीत दुसऱ्या आणि शेवटच्या मजल्यावर दोन वेगळी हवामानं असतात.

आता हे आधीच लिहायला हवं होतं: वरचं सगळं धडधाकट, आत बसून काम करणाऱ्या माणसाचं गणित आहे. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, काम उन्हातलं असेल, वीज वरचेवर जात असेल, तर ते लागू नाही. आणि उष्ण शहरं आणखी तापतायत हेही खरं. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. हे दादाला कळवू नका.

आणि हो, भाडं कंपनी भरणार असेल तर डोळे मिटून गार शहर घ्या. दादाला कंपनी भाडं देत नाही, म्हणून एवढं लिहावं लागलं.