वाचकांचे प्रश्न: बाहेरची कंपनी येते तेव्हा नेमकं काय येतं?

मागच्या अंकात परकीय थेट गुंतवणुकीवर, म्हणजे एफडीआयवर, अर्धंच पान लिहिलं होतं आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (एम.ए.ची विद्यार्थिनी): ताई, शेअर बाजारात परदेशी पैसा येतो तोही बाहेरचाच आणि एफडीआयसुद्धा बाहेरचाच, मग एकाला धोक्याचा आणि दुसऱ्याला चांगला का म्हणतात?

तू पैसा कुठून आला ते बघतेयस, पण फरक आहे तो कशासाठी आला यात. शेअर बाजारातल्या परदेशी गुंतवणूकदाराला भाव वाढला की विकून बाहेर पडायचं असतं, कंपनी चालवण्यात त्याला रस नसतो. थेट गुंतवणूक करणाऱ्याला कारभारात हात हवा असतो, म्हणून आंतरराष्ट्रीय हिशेबात १० टक्के किंवा त्याहून जास्त मतदानाचा हक्क घेतला तरच ती थेट गुंतवणूक धरतात. शेअर एका सकाळीत विकता येतात, पण जमिनीत रोवलेली मशिनं आणि शिकवून तयार केलेली माणसं कोण एका दिवसात विकणार? १९९७ च्या जुलैत थायलंडने बाथ हे आपलं चलन मोकळं सोडलं, म्हणजे त्याचा डॉलरमधला भाव धरून ठेवणं थांबवलं, आणि पूर्व आशियात जे संकट पसरलं त्यात आधी पळाली ती बँकांची अल्पमुदतीची कर्जं आणि बाजारातला पैसा. थेट गुंतवणूक त्या मानाने बरीच टिकली, फक्त इंडोनेशियात तीसुद्धा आटली, त्यामुळे ती कधीच जात नाही असं मात्र समजू नकोस.

आणि आकडा वाचताना एक कर, त्यात काय काय मिसळलंय ते बघ. नवीन भांडवल, इथेच कमावलेला आणि इथेच ठेवलेला नफा, आणि मूळ कंपनीने आपल्याच शाखेला दिलेलं कर्ज, हे तिन्ही एफडीआयमध्येच मोजतात. शिवाय कुणी नवीन कारखाना उभारला तरी ती गुंतवणूक आणि चालू कारखाना विकत घेतला तरी ती गुंतवणूक, पण दुसऱ्या प्रकारात पहिल्या दिवशी फक्त मालक बदलतो, एक वीटसुद्धा नवीन लागत नाही. काही पैसा तर नुसता कागदावरूनच फिरतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१९ च्या एका अभ्यासात जगातली जवळपास ४० टक्के थेट गुंतवणूक अशा रिकाम्या कंपन्यांमधून टॅक्स वाचवायला फिरणारी निघाली, आणि साधारण ६ लाख वस्तीच्या लक्झेंबर्गच्या नावावर ४ ट्रिलियन डॉलर होते. तेव्हा "अमुक अब्ज डॉलर आले" अशी हेडलाइन दिसली की त्यातून उभं काय राहिलं हे विचारायची सवय लाव.

प्रश्न (अर्थशास्त्राचे शिक्षक): एफडीआयमुळे ग्रोथ वाढते, की जिथे ग्रोथ आधीच जोरात आहे तिथेच कंपन्या जातात?

सर, दोन्ही होतं, आणि म्हणूनच नुसते दोन आलेख शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. यावर खूप काम झालंय, मला सगळ्यात पटलेलं १९९८ चं आहे, बोरेन्स्टाइन, दे ग्रेगोरिओ आणि ली या तिघांचं. त्यांनी ६९ विकसनशील देश तपासले आणि त्यांना दिसलं की परकीय गुंतवणुकीतून वाढीला जोर मिळतो खरा, पण देशात शिक्षणाची एक किमान पातळी असेल तरच. ती नसेल तर कारखाना येतो, चालतो, माल बाहेर जातो आणि बाकीची अर्थव्यवस्था होती तिथेच राहते. पुढे २००४ मध्ये आणखी एका अभ्यासातून दिसलं की बँका आणि भांडवलाचा बाजार नीट चालत असेल तर फायदा जास्त होतो, आणि ते साहजिकच आहे, कारण परदेशी कंपनीत शिकलेला माणूस बाहेर पडून स्वतःचं काही काढायला गेला आणि त्याला कर्जच मिळालं नाही तर त्याचं शिकणं त्याच्यापाशीच राहणार.

मला वाटतं सगळी चर्चा पैशाभोवती फिरते हीच आपली चूक आहे. पैसा कर्जानेसुद्धा आणता येतो. कर्जाबरोबर जे येत नाही ते म्हणजे कामाची रीत, ग्राहकांची यादी, माल कसा तपासायचा, वेळेत जहाजावर कसा चढवायचा हे सगळं, आणि ते माणसांच्या डोक्यात बसून येतं आणि माणसांबरोबरच फिरतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण बांगलादेशचं. नुरुल कादेर नावाच्या माजी सरकारी अधिकाऱ्यांनी देश गारमेंट्स कंपनी काढली आणि १९७९ मध्ये दक्षिण कोरियाच्या डेवू या मोठ्या कंपनीबरोबर करार केला. डेवूला रस का होता, तर श्रीमंत देशांनी कोरियाच्या कपड्यांवर कोटा, म्हणजे आयातीची मर्यादा, लावलेला होता आणि बांगलादेशावर तसा नव्हता. देश गारमेंट्सच्या १३० लोकांना कोरियात बुसानला नेऊन शिकवलं, शिवणकामापासून ते कारखाना चालवण्यापर्यंत. १९८० मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि पुढच्या काही वर्षांत त्या १३० पैकी ११५ जण नोकरी सोडून गेले, कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांच्या नव्या कारखान्यांत गेले. कंपनीच्या दृष्टीने हे नुकसानच, पण देशाच्या दृष्टीने बघा, एका कारखान्यातून एक आख्खा उद्योग उभा राहिला. आज तयार कपडे हा बांगलादेशच्या निर्यातीचा ८० टक्क्यांहून मोठा भाग आहे. सरकारनेही साथ दिली, निर्यातीसाठी लागणारं कापड बिनशुल्क आणून बंधित, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालच्या, गोदामात ठेवायची सोय केली आणि परदेशी ऑर्डरच्या एलसीवरच (एलसी म्हणजे पैसे मिळतील अशी बँकेची लेखी हमी) कच्च्या मालाची एलसी उघडू दिली, त्यामुळे हातात भांडवल नसलेल्यालाही धंद्यात उतरता आलं. आता हा मालकीपेक्षा सहकार्याचा करार होता, त्यामुळे काटेकोर व्याख्येत तो एफडीआय नाही असं तुम्ही म्हणाल तर मान्य, पण ज्ञान कसं पसरतं हे यापेक्षा स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. (या उद्योगातली मजुरी आणि कामगारांची सुरक्षा हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, तो दोन ओळींत उरकणं बरोबर नाही, त्यावर स्वतंत्र लिहीन.)

प्रश्न (सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक): मोठी परदेशी कंपनी आली की आमच्यासारखे छोटे मरतात असं ऐकतो, खरं काय?

तुम्ही तिच्या शेजारी उभे आहात की तिच्या खाली, यावर ते ठरतं. म्हणजे तुम्ही तोच माल त्याच बाजारात विकत असाल तर मार बसू शकतो. व्हेनेझुएलातल्या कारखान्यांच्या आकडेवारीवर एटकेन आणि हॅरिसन यांनी १९९९ मध्ये लिहिलं, त्यात परदेशी भांडवल असलेल्या छोट्या कारखान्यांची उत्पादकता वाढलेली दिसली, पण त्याच क्षेत्रातल्या पूर्ण देशी कारखान्यांची उत्पादकता कमी झाली. कारण उघड आहे, गिऱ्हाईक तिकडे गेलं आणि खर्च मात्र तेवढाच राहिला. याउलट लिथुएनियावर यावोर्चिक यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात फायदा सप्लायरना झालेला दिसला, म्हणजे जे त्या कंपन्यांना माल पुरवतात त्यांना. त्यातही देशी आणि परदेशी भागीदारीतल्या कंपन्यांमुळे तो दिसला, पूर्ण परदेशी मालकीच्या कंपन्यांमुळे नाही, बहुतेक भागीदाराला इथले पुरवठादार आधीपासून माहीत असतात म्हणून.

हे तुम्हाला मी सांगायला नको, की मोठ्या कंपनीचा माणूस आधी तुमचा माल परत पाठवतो, मग मापं कशी घ्यायची ते सांगतो, रेकॉर्ड ठेवायला लावतो, रिजेक्शन इतक्याच्या वर गेलं तर ऑर्डर बंद असं बजावतो, त्यात त्रास होतो, पैसे अडकतात, पण दोन वर्षांनी तोच माल तुम्ही तिसऱ्या गिऱ्हाइकाला विकू शकता. म्हणून मी सरकारांना एकच सांगेन, गुंतवणूक आणायला जेवढी माणसं लावता तेवढीच देशी सप्लायर तयार करायला लावा. "इतका टक्के माल इथूनच घ्या" अशी सक्ती करणं आता सोपं नाही, जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) १९९५ पासूनच्या नियमांत मालाच्या व्यापाराबाबत तशा अटींना बंदी आहे, त्यामुळे इथल्या माणसाला त्या लायकीचं करणं हाच रस्ता उरतो.

सिंगापूरने ते माणसांच्या बाबतीत केलं. तिथल्या आर्थिक विकास मंडळाने, जे १९६१ मध्ये स्थापन झालं, कंपन्यांबरोबर मिळून प्रशिक्षण केंद्रं काढली, १९७२ मध्ये टाटांबरोबर, मग कॅमेरे बनवणारी जर्मन कंपनी रोलाय, मग फिलिप्स. कंपनीला कुशल हात मिळाले आणि तिथे शिकलेली मुलं बाकीच्या कारखान्यांनाही मिळाली.

प्रश्न (कामगार संघटनेत काम करणारे वाचक): टॅक्स माफ, जमीन स्वस्त, सगळं घेतात आणि सवलत संपली की निघून जातात. मग हाती काय राहतं?

तुमचा राग मला समजतो आणि हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा असं माझं प्रामाणिक मत आहे, कंपनी आणतानाच विचारायला हवा, गेल्यावर नाही.

कोस्टा रिका बघा. छोटासा देश, ओळख कॉफी आणि केळ्यांची. १९४८ मध्ये त्यांनी सैन्यच बंद केलं आणि शिक्षणावर सातत्याने खर्च केला. १९९६ मध्ये इंटेलने तिथे चिप जोडणी आणि तपासणीचा कारखाना काढायचं जाहीर केलं, ब्राझील, चिली, मेक्सिको असे मोठे देश शर्यतीत असताना. १९९८ पासून चिप बाहेर जायला लागल्या आणि पुढे एकटी इंटेल देशाच्या निर्यातीचा साधारण पाचवा हिस्सा झाली, जे ऐकायला छान वाटतं पण भीतीदायकही आहे, एका कंपनीवर एवढं अवलंबून राहणं. आणि झालंही तसंच, एप्रिल २०१४ मध्ये इंटेलने उत्पादन आशियात हलवायचं जाहीर केलं आणि सुमारे १५०० नोकऱ्या गेल्या. त्या घरांचं जे झालं असेल ते कुठल्याही सरासरीत दिसत नाही, हे मी विसरत नाहीये.

पण देश कोसळला नाही. मधल्या काळात तांत्रिक शिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम बदलले होते, इंजिनियर तयार झाले होते, इंटेलचं संशोधन केंद्र तिथेच राहिलं, आणि तोवर वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या येऊन स्थिरावल्या होत्या, त्यांना अशाच, स्वच्छ खोलीत बारीक काम करणाऱ्या शिकलेल्या माणसांची गरज होती. आज वैद्यकीय उपकरणं ही तिथली सगळ्यात मोठी निर्यात आहे, केळी मागे पडली. २०२० मध्ये इंटेलने तिथे पुन्हा जोडणी आणि तपासणी सुरू करायचं जाहीर केलं.

आता याच्या उलट इक्वेटोरियल गिनी. १९९० च्या दशकात समुद्रात तेल सापडलं, परदेशी कंपन्या आल्या, दरडोई उत्पन्न आफ्रिकेतल्या सगळ्यात वरच्या आकड्यांत गेलं, आणि बहुसंख्य लोक गरीबच राहिले. तेलाच्या प्लॅटफॉर्मला स्थानिक सप्लायर लागत नाही, हजारो कामगार लागत नाहीत, आणि रॉयल्टीचा पैसा मूठभरांच्या हातात राहिला. गुंतवणूक दोन्हीकडे एफडीआयच.

टॅक्सबद्दल थोडक्यात. सवलत दोन सारख्या जागांमध्ये निवड करताना उपयोगी पडते, पण वीज नाही, बंदर नाही, कोर्टात निकाल लागत नाही अशा ठिकाणी कंपनी फक्त टॅक्ससाठी जात नाही. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आता १५ टक्के किमान कराची आंतरराष्ट्रीय व्यवस्था बऱ्याच देशांनी लागू केलीय, तेव्हा फुकट टॅक्सची चढाओढ तशीही थोडी कमी होईल.

प्रश्न (निवृत्त बँक अधिकारी): नफा तर बाहेरच जातो, मग जीडीपी वाढून आपल्याला काय?

अगदी बरोबर पकडलंत. जीडीपी देशात काय तयार झालं ते मोजतो, ते कोणाच्या खिशात गेलं ते नाही. आयर्लंडमध्ये २०१५ साली जीडीपी एका वर्षात २६ टक्के वाढल्याचं जाहीर झालं, लोकांच्या आयुष्यात तसं काहीच झालं नव्हतं, बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंट वगैरे मालमत्ता तिकडे हलवली होती. मग तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ मध्ये सुधारित राष्ट्रीय उत्पन्न नावाचं वेगळं मापच काढलं, ज्यात असला फुगवटा वगळतात. तरी आयर्लंडला फायदा झाला नाही असं नाही. नोकऱ्या खऱ्या आहेत, पगार खरे आहेत, आणि १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केल्यामुळे त्या नोकऱ्या करू शकणारी माणसं तिथे होती. बाहेर जाणारा नफा हा त्या ज्ञानाचा आणि बाजाराचा मोबदला समजा, तो परवडतो की नाही हे इथे पगार, टॅक्स आणि सप्लायरची बिलं किती राहिली त्यावर ठरवा.

प्रश्न (नाव नको म्हणणारे वाचक): जपान आणि कोरिया एफडीआयशिवाय मोठे झालेच ना?

झाले, फारच थोड्या एफडीआयवर. कर्ज घेतलं, टेक्नॉलॉजीचं लायसन्स विकत घेतलं. ह्युंदाईने १९७५ मध्ये पोनी ही पहिली स्वतःची कार काढली तेव्हा इंजिन मित्सुबिशीच्या तंत्राचं आणि डिझाइन इटलीच्या जुजारोंचं होतं, मालकी मात्र घरची. पण त्यासाठी स्वस्त कर्जाच्या बदल्यात निर्यातीचं टार्गेट मागणारं आणि ते पूर्ण झालं नाही तर कर्ज बंद करणारं सरकार लागलं. जिथे ते जमत नाही तिथे तेच स्वस्त कर्ज ओळखीच्या लोकांना जातं आणि बुडतं. त्यामुळे एफडीआय नको म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी शिकण्याची दुसरी सोय कोणती करणार हे सांगायला हवं, आणि कोरियाकडे त्याचं उत्तर होतं.