तुर्कमेनिस्तानला पर्यटक म्हणून जाता येतं का? तिथे आपल्याला काही धोका असतो का?

जाता येतं, पण मनात आलं आणि निघालं, असं नाही. मी आणि माझी ताई 2019 च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवस तिथे होतो. त्या अनुभवावरून सांगते, पर्यटकाच्या जिवाला धोका जवळजवळ नाही. तुमच्या चुकीची झळ बसते ती तुमच्या गाईडला. एवढं मनात पक्कं ठेवलंत की बाकीचं सगळं निभावतं.

आधी कागदपत्रं. तिथल्या टूर कंपनीकडे सहल ठरवायची, ती सरकारकडून तुमचं निमंत्रणपत्र मंजूर करून आणते. याला काही आठवडे लागतात आणि नकार आला तर कारण कळत नाही. म्हणून पत्र हातात पडेपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका. ते पत्र दाखवलं की व्हिसा सीमेवर मिळतो. आम्ही उझबेकिस्तानातल्या खिवाहून दाशोगुझच्या नाक्यावर गेलो. तिथे बॅगेतली औषधं एकेक करून तपासली. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या अजिबात नेऊ नका, बाकीच्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात, हॉटेलचं बिल डॉलरमध्येच भरावं लागतं. तिथलं चलन ‘मनात’, सरकारी भाव डॉलरला साडेतीन. बाहेर त्याच्या कितीतरी पट मिळतात, पण तो व्यवहार बेकायदा आहे, त्यात पडू नका. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक बंद. घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते काळजीने हैराण होतात.

आता राजधानी अश्गाबात. शहर पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं, 2013 साली अशा 543 इमारतींची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ते रुंद, कारंजी सुरू, गाड्याही बहुतेक पांढऱ्या, आणि माणसं मात्र तुरळक. झाडलोट करणाऱ्या बायका तेवढ्या दिसायच्या, तोंडाला डोळ्यांपर्यंत फडकं गुंडाळलेल्या. रात्री अकरानंतर सगळं चिडीचूप.

तिथे ताईकडून चूक झाली. राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याचा फोटो काढायचा नाही, हे गाईडने दोनदा सांगितलं होतं. तिला वाटलं, आपण कारंज्याचा काढतोय. लगेच शिट्टी वाजली. एक कोवळा, मिसरूडही न फुटलेला शिपाई धावत आला. आमच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ गाईडसमोर उभा राहिला, त्याचं ओळखपत्र मागितलं आणि वहीत त्याचं नाव लिहून घेतलं. ताईने फोटो पुसला, माफी मागितली, पण वहीतलं नाव काही पुसलं गेलं नाही. गाडीत बसल्यावर गाईड आम्हाला एक शब्दही बोलला नाही. त्याचे कान लाल झाले होते. त्या रात्री ताईला झोप लागली नाही.

त्यानंतर आम्ही त्याला सरकारबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवलं, आणि तुम्हालाही माझी कळकळीची विनंती आहे की विचारू नका. त्याला उत्तर देणं भाग पडू नये. गाडीत ड्रायव्हर असतो, हॉटेलात लोक असतात. विचारायला दुसरं पुष्कळ आहे. खरबुजांचा विषय काढलात तर तासभर बोलतील. आम्ही भारतीय म्हणून तो बैरामखानाबद्दल बोलायचा. अकबराचा सांभाळ करणारा बैरामखान तुर्कमेन वंशाचा, याचा त्याला मनापासून अभिमान होता. आणि भूकंपाच्या स्मारकापाशी तर तो आपणहून बोलता झाला. 6 ऑक्टोबर 1948 च्या रात्री अख्खं अश्गाबात कोसळलं, आणि किती माणसं गेली हे सोव्हिएत सरकारने कित्येक वर्षं लपवून ठेवलं. पहिले राष्ट्राध्यक्ष नियाझोव यांची आईही त्यातच गेली. पुतळ्यात शिंगांवर पृथ्वी हेलकावणारा बैल आहे आणि आईने वर उचलून धरलेलं सोनेरी बाळ. गाईडची आजी त्या रात्री अंगणात झोपली होती म्हणून वाचली. एवढं सांगून तो बराच वेळ बाळाकडे बघत उभा राहिला.

दरवाझाचं जळतं विवर, म्हणजे वाळवंटातला नैसर्गिक वायूने पेटलेला भला मोठा खड्डा, रात्री बघा. आम्ही गेलो तेव्हा काठावर उभं राहिलं की चेहरा भाजून निघायचा. आता आग बरीच ओसरली आहे असं तिथले अधिकारीच सांगतात, त्यामुळे तेवढ्यासाठी जाणार असाल तर पुन्हा विचार करा. मर्व मात्र चुकवू नका. 1221 मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केलेल्या त्या शहराचे मातीचे तट आणि त्यांत उभी सेल्जुक सुलतान संजरची कबर बघून मला रडू आलं.

शाकाहारी असाल तर थोडे हाल होतात, पण चोरेक सगळीकडे मिळते. तामदिरमध्ये, म्हणजे आपल्या तंदूरसारख्या भट्टीत, भाजलेली जाड गोल रोटी. मी एकदा ती ताटात पालथी ठेवली. गाईडने काही न बोलता उचलून सुलटी केली, बोटांनी पुसली आणि परत माझ्यासमोर ठेवली. तिथे रोटी पालथी ठेवत नाहीत.

शेवटच्या दिवशी फराबच्या उझबेक सीमेवर त्याने कागदात गुंडाळलेली एक चोरेक आमच्या हातात दिली. आमच्या पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत तो दारापाशी उभा होता. शिक्का पडल्याचं मी हात वर करून दाखवलं, तेव्हा त्याने खिशातून फोन काढला आणि आम्ही गेल्याचं कळवलं.